उन्हाळ्यात आरव्हीतला मुक्काम: तुमचे अनुभव सांगा

जुलैत आईबाबा येतायत. बाबांचं फर्मान सुटलंय, 'त्या घरासारख्या गाडीतून', म्हणजे आरव्हीतून, ग्रँड कॅन्यन दाखव. म्हणून हा धागा. दोन वर्षांपूर्वी लेक पॉवेलला (युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरचा धरणाचा तलाव) आम्ही आरव्हीत अक्षरशः उकडून निघालो होतो. एसी दुपारभर घरघरत होता, तरी आत ९० फॅरनहाइट. भाड्याने देणाऱ्यांना फोन केला, तर म्हणे बिघडला नाहीये, बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश खाली आणतो, त्याहून जास्त नाही. बाहेर ११०! किल्ली देताना सांगायला काय झालं होतं? तर मंडळी, तुम्ही कसं निभावता?

फिनिक्सहून, मूळ नागपूर
पहिलं म्हणजे उंची बघा, एसी नंतर. हजार फूट चढलात की साधारण साडेतीन अंश उतरतात. फिनिक्स ११०० फुटांवर, साउथ रिम, म्हणजे ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड, ७००० वर. तिथे जुलैत दुपारी ८०-८५ आणि पहाटे चक्क गारठा. त्रास होतो तो वाटेतल्या मुक्कामात. आम्ही फिनिक्सच्या आसपास थांबतच नाही, सरळ फ्लॅगस्टाफ गाठतो, तेही ७००० फुटांवर आहे. बॅटरीवर चालणारा छोटा कूलरही नेतो. नागपूरकराला कूलर शिकवायला नको, पण इथले लोक खिडक्या बंद करून तो लावतात आणि मग घामाघूम होऊन शिव्या देतात. ओली हवा बाहेर जायला वाट हवी ना! जुलैत इथला मान्सून सुरू झाला, हवा दमट झाली, की मात्र त्याचा उपयोग संपला.

ह्यूस्टनहून
आमच्याकडे कूलरचं नावच काढू नका, मुंबईची मे महिन्यातली दुपार समजा. आमची गोष्ट विजेची. कॅम्पग्राउंडवर गाडीला वीज देणाऱ्या खांबावर ३० अँपिअरचं कनेक्शन, म्हणजे १२० व्होल्टने ३६०० वॉट. एसी दीडेक हजार खातो, पाणी तापवणारा हीटर जवळजवळ तेवढेच. अशात सासूबाईंनी चहासाठी विजेची किटली लावली. खट्! सगळं बंद. ब्रेकर बाहेर खांबावर, बाहेर ९८ अंश, आणि मी लुंगीवर. तेव्हापासून किटली घरी राहते. चहा, फोडण्या, सगळं बाहेर गॅसच्या शेगडीवर, तेही सकाळी नऊच्या आत. दुपारी दहीभात आणि काकडी. स्वयंपाकाची वाफ आत नाही एवढ्यानेच गाडीत किती फरक पडतो, करून बघा.

सॅन होजेहून
युटातल्या झायन नॅशनल पार्कला वॉचमन कॅम्पग्राउंडवर होतो. गाडीची फ्रिजची बाजू पश्चिमेला आली, कुणी लक्ष दिलं नाही. आरव्हीतले बरेच फ्रिज गॅस आणि विजेवर चालतात, कॉम्प्रेसर नसतो. मागची जाळी उन्हात तापली की ते गारच करत नाहीत. दुसऱ्या दिवशी दह्याचं आंबट ढोण, श्रीखंडाचा डबाही गेला. आता जागा मिळाली तर गाडीचं तोंड पश्चिमेला करतो. म्हणजे दाराची बाजू, जिथे ऑनिंग (बाहेर उघडणारं कापडी छप्पर) असतं, ती उत्तरेला येते आणि तिथे दिवसभर बसता येतं. समोरच्या काचेला बाहेरून कव्हर, बाकीच्या खिडक्यांना चंदेरी फॉइलचे तुकडे. आणि छताची झडप विसरू नका! तिच्यातून थेट डोक्यावर ऊन येतं. त्या झडपेच्या खाचेत घट्ट बसणारी उशी मिळते.

टूसॉनहून
एकच. ऑनिंग उघडं ठेवून झोपू नका. संध्याकाळी वादळ आलं आणि आमचं ऑनिंग छतावर उलटं जाऊन पडलं. दुरुस्तीचा आकडा सांगत नाही, बायको हा धागा वाचते.

धागाकर्ती
लाख धन्यवाद. बुकिंग करताना अजून एक कळलं: साउथ रिमवर मेदर कॅम्पग्राउंडला वीज नाही, ट्रेलर व्हिलेजला आहे. तिथेच जागा घेतली. लेक पॉवेल वगळलं, वाटेत फ्लॅगस्टाफ घातलं. बाबांना फोनवर म्हटलं, स्वेटर आणा. ते म्हणाले, "वाळवंटात? आईला फोन दे."