मदत हवी आहे: अल्बानियातल्या बंदीच्या काळातल्या धर्माबद्दल काय वाचावं?

मंडळी, सध्या अल्बानियाचा इतिहास वाचतेय. तुर्कस्तानने १९२५ मध्ये सूफी तक्ये (म्हणजे मठ) बंद केल्यावर बेक्ताशी या सूफी पंथाचं मुख्य केंद्र अल्बानियाच्या राजधानीत, तिरानाला आलं, इथवर समजलं. पुढे १९६७ मध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीत मशिदी, चर्च, तक्ये, सगळ्यांनाच टाळं लागलं. तिरानाची एतेम बे मशीद थेट १९९१ मध्ये उघडली. बहुतेक लेखक होजाने देशभर बांधलेल्या बंकरांच्या गोष्टीतच रमतात (आहेतही म्हणा ते जागोजागी!).

मला मधली वर्षं हवीत. नवरोझ, ईस्टर लोकांनी घरात कसे जपले? तोमोर डोंगरावरच्या बेक्ताशींच्या ऑगस्टमधल्या यात्रेचं काय झालं? आठवणी, मुलाखती, माहितीपट काहीही सुचवा. इंग्रजी चालेल, अल्बेनियन मात्र येत नाही. कुणी तिकडे जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.