फ्लूची टेस्ट निगेटिव्ह, मग हा मेटान्यूमो काय प्रकार आहे?

काठावरचा:
आधी आमच्या धाकट्याला झालं. नाक चोंदलं, ताप आला, थोडा खोकला, आणि दोन-चार दिवसांत स्वारी पुन्हा उड्या मारायला लागली. मग आईला धरलं. ती सत्तरीची, जुना दमा. ताप फारसा नाही, पण छातीत घरघर आणि खोकला असा, की बोलताना वाक्य मध्येच तुटतं. फ्लू आणि कोविड दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टरांनी मोठं पॅनेल (एकाच स्वॅबवर बऱ्याच व्हायरसची तपासणी) करायला लावलं, त्यात 'ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस' निघाला. "फ्लूसारखाच आहे, वेगळं औषध नाही, पंप चुकवू नका," एवढंच म्हणाले. फ्लूची गोळी तरी का देत नाहीत? आणि हा नवीन आलाय का कुठून?

फॉरवर्डबहाद्दर:
नवीनच आहे. २०२५ च्या जानेवारीत बातम्या बघितल्या नाहीत का? चीनमधून आला.

पिपेटवाली:
बातम्या नव्या होत्या, व्हायरस नाही. पण ते नंतर.

काठावरचा, तुम्ही जाता जाता लिहून गेलात की आईचं वाक्य तुटतं. खोकल्याची उबळ आली म्हणून तुटतं, की दम पुरत नाही म्हणून? दुसरं असेल तर हा धागा बंद करा आणि आत्ता डॉक्टरांना फोन करा. दम्याच्या माणसाला एक वाक्य एका दमात बोलता न येणं हे गंभीर लक्षण आहे, मग रिपोर्टवर कुठल्याही व्हायरसचं नाव असो. पंपाने आराम पडत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी वाटत असेल, तरी थेट इस्पितळ.

काठावरचा:
बोलणं झालं. उबळीमुळेच आहे, दोन उबळींच्या मधे नीट बोलते. डॉक्टरांनी ऑक्सिजन बघितला, ठीक आहे. पंपाचे डोस वाढवलेत.

पिपेटवाली:
छान. मग आता निवांत लिहिते. मी प्रयोगशाळेत असे स्वॅब लावते, उपचार माझं काम नाही.

२००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हा व्हायरस पहिल्यांदा ओळखला, तोही आजारी मुलांच्या वीस वर्षांच्या काळात साठवलेल्या नमुन्यांतून. मग त्यांनी १९५८ साली घेतलेलं जुनं रक्त तपासलं, तर त्यातही याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडल्या. म्हणजे तो आधीपासून माणसांत फिरत होता, आपल्याला दिसत नव्हता. कारण प्रयोगशाळेतल्या पेशींवर तो फार सावकाश वाढतो, बऱ्याच प्रकारच्या पेशींवर तर वाढतच नाही. त्या काळात रिपोर्टवर 'काही सापडलं नाही' असं लिहून मोकळे व्हायचे. पाच वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्या मुलांना हा एकदा तरी होऊन जातो. जानेवारी २०२५ मध्येही जागतिक आरोग्य संघटनेने चीनमधली वाढ त्या ऋतूला धरूनच असल्याचं सांगितलं होतं.

गोळीचं म्हणाल तर ओसेल्टामिविर फ्लूच्या व्हायरसमधलं न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम अडवतं. त्या एन्झाइमच्या जोरावर फ्लूचे नवे कण पेशीतून सुटून पुढे जातात. मेटान्यूमोकडे ते एन्झाइमच नाही, मग गोळी अडवणार काय? हा वेगळ्या घराण्यातला, आरएसव्हीचा (लहान मुलांच्या छातीला धरणारा आणखी एक व्हायरस) भाऊबंद. याची लसही अजून नाही. अँटिबायोटिक घेऊन उपयोग नाही, पुढे जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तरच.

लक्षणांवरून ओळखायचं म्हणाल तर फ्लू बहुतेक वेळा एकदम चढतो, अंग मोडून येतं. यात नाक, खोकला आणि घरघर जास्त. पण यावर पैज लावू नका, मीही लावत नाही. घरी करायच्या झटपट किटमध्ये याची पट्टी बहुधा नसतेच, पीसीआरच लागतो.

दोन_पिल्लांची_आई:
पण औषधच नाही तर महागडं पॅनेल करायचं कशाला?

पिपेटवाली:
घरात बऱ्या होणाऱ्या धडधाकट माणसाने करूच नये, असं माझं स्पष्ट मत. दमा, फुप्फुसाचा जुना आजार, कमी झालेली प्रतिकारशक्ती, किंवा दाखल करायची वेळ आली असेल तर उपयोग होतो. फ्लू किंवा कोविड असेल तर औषध लवकर सुरू करता येतं, उगाच दिलेलं अँटिबायोटिक थांबवता येतं, आणि वॉर्डात शेजारी कुणाला ठेवायचं ते ठरवता येतं.

तुमच्या पिल्लांसाठी: श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर डॉक्टरांकडे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल तर मोजत बसू नका, निघा.

काठावरचा:
शेवटचं एक. आईला आता पुन्हा होणार नाही ना?

पिपेटवाली:
होऊ शकतो. याची प्रतिकारशक्ती टिकाऊ नसते, आयुष्यात अनेकदा होतो, फक्त मोठेपणी बहुतेकांना साध्या सर्दीवर निभावतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस जातात, त्यामुळे आईला तो धाकट्याकडूनच मिळाला असण्याची शक्यता दाट. पुढच्या वेळी त्याचं नाक वाहायला लागलं की आजीच्या मांडीवर बसणं काही दिवस बंद. हात साबणाने धुवायचे. याला चरबीचं आवरण असतं, साबणापुढे ते टिकत नाही. आणि फ्लूची लस आईला दरवर्षी द्याच. ती याच्यावर चालत नाही, पण दम्याच्या छातीला निदान फ्लूचा मार तरी चुकतो.