अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचा तीन आठवड्यांचा ‘इंडक्शन’ : सुरुवातीला सलग असावा की सत्रभर विभागलेला?

खडूफळा (धागाकर्ता) :

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७-१८ पासून अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात रुळवणारा, कार्यक्रम ठरवून दिला आहे. या काळात नेहमीचे तास घ्यायचे नसतात. सकाळी व्यायाम किंवा खेळ, मग एखादी कला, एका अध्यापकाबरोबर वीसेक विद्यार्थ्यांच्या गटात मानवी मूल्यांवर चर्चा, भाषेचा सराव, मान्यवरांची व्याख्याने, परिसरातील भेटी आणि आपल्या शाखेची ओळख असा त्याचा आराखडा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने असाच कार्यक्रम उच्चशिक्षण संस्थांपुढे ठेवला. हेतूबद्दल माझा वाद नाही. मी प्रथम वर्षाला गणित शिकवतो आणि माझा आक्षेप हा कार्यक्रम सत्राच्या तोंडाशी सलग उरकून टाकण्याला आहे.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात. पहिल्या फेरीत जागा निश्चित करणारे विद्यार्थी पहिल्या दिवशी हजर असतात. वरच्या पसंतीच्या आशेने पुढील फेरीची वाट पाहणारे, जातवैधता प्रमाणपत्रासाठी अडलेले, पैशांची जुळवाजुळव न झाल्याने थांबलेले आणि शेवटी संस्थास्तरावरील फेरीत येणारे विद्यार्थी मात्र येतात, तेव्हा गट पडलेले असतात, ओळखी झालेल्या असतात आणि वर्गात दुसरे प्रकरण सुरू असते. म्हणजे ज्यांना आधाराची गरज सर्वांत अधिक, नेमके तेच या कार्यक्रमाला मुकतात.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्याला काय अवघड जाणार आहे हे पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यालाच ठाऊक नसते. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चार पर्याय आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यात भरघोस गुण मिळवून आलेल्या मुलाला एम-१ मध्ये (पहिल्या सत्राच्या गणितात) पायऱ्या लिहून उत्तर सिद्ध करायला सांगितले की त्याचा हात थांबतो. त्यातही ज्यांनी ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली अकरावी-बारावी खासगी क्लासमध्येच काढली, त्यांना वर्गात बसून स्वतः टिपणे काढण्याची सवयच उरलेली नसते. ही अडचण कळते पहिल्या चाचणीच्या गुणांनंतर. आणि ‘अभ्यासाचे नियोजन’ या विषयावरील व्याख्यान मात्र त्याच्या महिनाभर आधी झालेले असते.

म्हणून माझे मत असे : पहिले तीन-चार दिवस ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, रॅगिंगविरोधी नियम आणि शाखेची ओळख यांना द्यावेत, लगेच तास सुरू करावेत आणि उरलेला सगळा कार्यक्रम दर आठवड्याला दोन तास याप्रमाणे सत्र संपेपर्यंत चालवावा. भिन्न मताचे सदस्य कारणांसह लिहितील अशी अपेक्षा आहे.

ओळंबा :

मीही याच व्यवसायात आहे आणि आपल्या दोन्ही निरीक्षणांशी सहमत असूनही उपाय मला मान्य नाही. वेळापत्रकात लिहिलेले ‘दर आठवड्याला दोन तास’ प्रत्यक्षात किती दिवस टिकतात, याचा अनुभव मेंटॉरच्या (विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकणाऱ्या मार्गदर्शक अध्यापकाच्या) तासाने आपल्याला पुरेसा दिला आहे. तो तास वेळापत्रकात असतो, नोंदवहीत सह्याही असतात. परंतु त्या तासाला कोणी राहिलेले प्रात्यक्षिक पुरे करून घेते, कोणी ग्राफिक्सचे शीट तपासते आणि सत्र संपत आले की टर्मवर्कच्या (सत्रातील लेखी-प्रात्यक्षिक कामाच्या) सबमिशनपुढे तो निमूटपणे बाजूला होतो. यात कोणा एका अध्यापकाचा दोष नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याचा हिशेब मागितला जातो, विद्यार्थी रुळला की नाही याचा मागितला जात नाही. एकदा तास सुरू झाले की अभ्यासक्रमाबाहेरचे सारे काही त्याच्या दयेवर जगते.

सलग तीन आठवड्यांचे बळ इथेच आहे : तास सुरूच झालेले नसल्यामुळे ती वेळ खाऊन टाकणारे कोणी नसते. दुसरे म्हणजे, या काळात कोणाचेही गुण कोणाला माहीत नसतात. लातूरचा, चिपळूणचा आणि कोथरूडचा मुलगा एकत्र नाटुकले बसवतात, तेव्हा त्यांच्यात हुशार कोण आणि मठ्ठ कोण हे अजून ठरलेले नसते. पहिल्या चाचणीनंतर मैत्रीसुद्धा गुणांच्या पट्ट्यांनुसार होऊ लागते, हे आपण दरवर्षी पाहतो. गांधीनगरच्या आयआयटीने २०११ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा फाउंडेशन कार्यक्रम चालवला, तो अध्यापन सुरू होण्याआधी, सलग, हे विसरू नये.

खडूफळा :

गांधीनगरचा दाखला मला मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. तिथे सारे विद्यार्थी ठरलेल्या दिवशी येतात आणि त्याच परिसरात राहतात. आपल्याकडे एकाच तुकडीतील विद्यार्थी कित्येक आठवड्यांच्या अंतराने दाखल होतात आणि निम्मे वर्ग शहराच्या चार कोपऱ्यांतून बसने येतात. निवासी संस्थेचा आराखडा अनिवासी महाविद्यालयावर जसाच्या तसा बसवला, ही या कार्यक्रमाची मूळ अडचण आहे.

सातपुडा :

मी शहादा तालुक्यातून पुण्यात आलो आणि आता अंतिम वर्षाला आहे. आपण दोघे सर सलग की विभागलेला यावर चर्चा करत आहात. परंतु आमच्यापैकी बऱ्याच जणांसाठी ते तीन आठवडे खोली शोधण्यात गेले. धनकवडी, आंबेगाव, कात्रज या भागात कॉट बेसिसवर (खोलीतील एका खाटेपुरती भाड्याने) जागा पाहायची, डिपॉझिट किती आणि परत मिळणार का हे विचारायचे, मेसचे महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, आणि सकाळी सात वाजता योगासनांना हजर राहायचे. सभागृहात एखादे पाहुणे ताणतणावाच्या व्यवस्थापनावर बोलत असताना मागच्या रांगेतली मुले खोलीमालकाला फोन करायला बाहेर जात होती. त्यांना कोणी बेशिस्त म्हटले असेल तर ते अन्यायाचे होते.

शासकीय वसतिगृहाच्या याद्या लागेपर्यंत पहिले सत्र बरेच सरलेले असते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, इतर काही विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. पण त्यांचे पैसे खात्यावर येतात ते खर्च होऊन गेल्यानंतर. कागदपत्रे स्कॅन करून महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या शासकीय संकेतस्थळावर) अर्ज कसा भरायचा, कोणता दाखला तहसीलमधून आणायचा आणि अर्ज कोणाच्या टेबलावर अडतो, एवढे जरी या तीन आठवड्यांत कोणी बसवून शिकवले असते, तरी आम्ही जन्मभर आभार मानले असते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू दिली. खेड्यातला मुलगा शहरात टिकायचा असेल तर त्याच्या राहण्याजेवण्याची सोय शाळेइतकीच महत्त्वाची आहे, हे त्यांना तेव्हा दिसले होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनीही तेच केले. आपण आज क्रम उलटा केला आहे.

एक गोष्ट मात्र ओळंबा सरांच्या बाजूने सांगतो. आमच्याकडे वीस जणांचे गट कागदावरच होते, बहुतेक वेळ अख्खी तुकडी सभागृहात बसलेली असायची. पण जे थोडे दिवस खरोखर छोटा गट होता, त्यात मॅडमनी मराठीत बोलायला परवानगी दिली आणि मी महाविद्यालयात पहिला प्रश्न तिथे विचारला. वर्गात इंग्रजीतून हात वर करायला मला पुढचे वर्ष उजाडावे लागले असते.

कृष्णाकाठ :

माझी मुलगी यंदा द्वितीय वर्षाला आहे. पालक म्हणून माझे मत वरील सर्वांपेक्षा वेगळे आहे : हा कार्यक्रम सलगही नको आणि विभागलेलाही नको. प्रवेशप्रक्रिया लांबल्यामुळे पहिले सत्र आधीच आखूड होते. त्यातून तीन आठवडे काढले की अध्यापक उरलेला अभ्यासक्रम धावतपळत संपवतात आणि त्याचा भार मुलांवर पडतो. अठरा वर्षांची मुले मतदान करू शकतात, तर ग्रंथालय कुठे आहे हे ती स्वतः शोधू शकणार नाहीत का? आम्ही शुल्क भरतो ते शिकवण्यासाठी. तेवढे चोख झाले तर मुले आपोआप रुळतात.

ओळंबा :

आपोआप रुळणाऱ्या मुलांना कोणत्याच कार्यक्रमाची गरज नसते. प्रश्न उरलेल्यांचा आहे. घरात पदवीधर आईवडील, भाऊ-बहीण असतील तर विषय राहिला तर एटीकेटी (तो विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) म्हणजे काय, टर्म ग्रँट (सत्र पूर्ण झाल्याची मान्यता) का अडते, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर कोणाला भेटायचे, हे जेवताना बोलण्यातून कळते. ज्या घरातला तो पहिलाच पदवीला जाणारा आहे, त्याला हे सूचनाफलकावर वाचावे लागते, आणि ते बहुधा मुदत संपल्यावर. अध्यापन चोख असावे ही आपली अपेक्षा योग्यच आहे. परंतु चोख अध्यापनाचा लाभ घेण्याइतके स्वास्थ्य मुलाजवळ आहे असे आपण गृहीत धरत आहात.

थेटदुसरे :

पदविका करून थेट द्वितीय वर्षाला येणाऱ्यांचा या चर्चेत कोणी उल्लेखच केला नाही. प्रथम वर्षाचा इंडक्शन आमच्या वाट्याला येत नाही. वर्गातील मैत्री वर्षभर जुनी असते आणि एम-३ शिकवणारे अध्यापक एम-१ आणि एम-२ झाले आहे असे धरूनच फळ्याकडे वळतात. वर्कशॉपमध्ये आम्ही इतरांपेक्षा पुढे असतो, इंटिग्रेशनला मागे पडतो आणि दोन्ही गोष्टींबद्दल बोलायला जागा नसते. कार्यक्रम सत्रभर विभागला तर द्वितीय वर्षातही तो चालवता येईल, म्हणून माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

सातपुडा :

आणखी एक मुद्दा राहिला. परिषदेच्या आराखड्यात वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी नव्या मुलांच्या गटांना मदत करावी अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात रॅगिंगच्या भीतीने अनेक ठिकाणी वरिष्ठांना त्या काळात प्रथम वर्षाच्या इमारतीकडे फिरकू दिले जात नाही. मेकॅनिक्सला कोणते पुस्तक पुरते आणि कोणत्या प्रकरणाला आधी हात घालावा हे मला सांगितले ते माझ्याच जिल्ह्यातल्या एका वरिष्ठाने, तेही मेसमध्ये. ही ओळख अपघाताने होऊ नये.

कृष्णाकाठ :

इथे मात्र मी महाविद्यालयांची बाजू घेईन. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले, आणि ती वेळ मुलांचे जीव गेल्यामुळे आली. ‘ओळख’ म्हणून सुरू झालेल्या गोष्टी कुठे जातात हे पालक विसरू शकत नाहीत. वरिष्ठांची मदत घ्यायचीच असेल तर ती दिवसा, वर्गात, अध्यापकांसमोर घ्यावी. वसतिगृहात रात्री दहानंतर कोणी मार्गदर्शन करायला येण्याची गरज नाही.

सातपुडा :

दिवसा आणि अध्यापकांसमोर, हे मला पूर्ण मान्य आहे. मी बंदीला विरोध करत होतो, देखरेखीला नाही.

खडूफळा :

सर्वांची मते वाचून मी माझ्या प्रस्तावात दोन बदल करतो. मूळ भूमिका सोडत नाही. पहिला बदल सातपुडा यांच्यामुळे : सुरुवातीच्या दिवसांतील एक पूर्ण दिवस व्याख्यानाविना ठेवावा आणि त्या दिवशी विद्यार्थी विभागातील कर्मचाऱ्यांनी संगणक कक्षात बसून प्रत्येकाचा शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज भरून घ्यावा. दुसरा बदल असा की, शेवटची प्रवेशफेरी संपल्यावर त्या सुरुवातीच्या दिवसांची पुनरावृत्ती उशिरा आलेल्यांसाठी करावी. थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही त्यात घेता येईल. साप्ताहिक दोन तास गिळले जातील ही ओळंबा यांची भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणून ते तास प्रथम वर्षाच्या विषयशिक्षकांकडे न देता इतर विभागांतील अध्यापकांकडे द्यावेत. ज्याचा त्या वर्गाला विषयच नाही, तो त्या तासात कोणता अभ्यासक्रम पुरा करणार?

ओळंबा :

ही सूचना चांगली आहे, पण ती अमलात आणताना काय होईल तेही पाहा. यंत्र अभियांत्रिकीच्या अध्यापकाला त्याच्या कार्यभारात हे दोन तास मोजले जाणार नसतील, तर तो ते कनिष्ठ, बहुधा कंत्राटी सहकाऱ्याकडे सोपवेल, आणि मूल्यांकनासाठी समिती यायच्या आधी त्या वर्षाच्या सह्या एकाच दिवशी होतील. तास कार्यभारात धरले जावेत अशी तरतूद आपल्या प्रस्तावात नाही. ती येईपर्यंत मी सलग तीन आठवड्यांच्याच बाजूने मत देईन. त्यातले निदान पहिले पंधरा दिवस तरी कोणी हिरावून घेत नाही. उशिरा आलेल्यांसाठी पुनरावृत्ती मात्र सलग पद्धतीतही करता येते आणि ती यंदापासूनच व्हावी, एवढ्या एका गोष्टीवर आपले दोघांचे एकमत नोंदवून ठेवू.

थेटदुसरे :

त्या पुनरावृत्तीच्या सूचनेत ‘थेट द्वितीय वर्ष’ हे शब्द स्पष्टपणे छापले जावेत. तसे नसेल तर आम्हाला वर्गातून सोडले जाणार नाही.