पगारदाराला सवलत, कंत्राटावरच्याला कपात

(आयकरात आणखी सुधारणा हवी, या मागणीवर सोसायटीत झालेली चर्चा. नावांऐवजी फ्लॅट नंबर दिलेत.)

ए-४०२ (काका): नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत टॅक्स शून्य झाला. पगारदाराला तर स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. कष्टाने कमावणाऱ्याला सरकारने बरंच दिलंय. आता आणखी कुठली सुधारणा मागताय तुम्ही लोक?

बी-१०३ (ताई): काका, पगारदाराला दिलं हे खरं. पण माझ्याकडे रिटर्न भरायला येणारी बरीच मुलं आता पे-रोलवर नसतातच. काम तेच, वेळ तीच, फक्त ‘कन्सल्टंट’ म्हणून बिल द्यायचं. महिना ३५,००० धरा, वर्षाचे ४,२०,०००. यावर टॅक्स शून्य, हे त्याला माहीत, कंपनीलाही माहीत. तरी व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) जातो आणि हातात ३१,५०० येतात. तांत्रिक सेवेत बसवलं तर २ टक्केच कापायचे असतात, पण आपल्यावर बालंट नको म्हणून अकाउंटंट १० कापून मोकळा होतो.

ए-४०२ (काका): परत मिळतात ना? रिफंडवर व्याजही देतात.

डी-३०२: काका, मी यातलाच एक. रिफंड मिळतो, पण वर्ष संपून रिटर्न भरल्यावर. घरभाडं त्याच महिन्यात द्यावं लागतं. वर ना पीएफ, ना पगारी सुट्टी.

बी-१०३ (ताई): वर्षाला ४२,००० अडकतात, काका, आणि तेही ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याचे. आता तुमचंच बघा. तुम्ही एप्रिलमध्ये बँकेत ज्येष्ठांचा १५एच फॉर्म (हा जुन्या कायद्यातला आकडा) देता, ‘माझा कर शून्य होणार आहे’ एवढं लिहून, आणि बँक एफडीच्या व्याजातून काही कापत नाही. कायद्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, ठेवायलाच हवा. कंत्राटी कामाच्या पैशाला मात्र हा फॉर्म चालत नाही. त्याने कमी कपातीच्या दाखल्यासाठी आयकर खात्याकडे अर्ज करायचा, कागद जोडायचे, वाट बघायची. कोण करणार? मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

ए-४०२ (काका): हे १५एचचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण टीडीएस काढला तर कोण किती कमावतो हे सरकारला कळणार कसं?

बी-१०३ (ताई): काढा म्हणत नाही, कमी करा म्हणते. माग १ टक्क्यानेही लागतो. ऑनलाइन विक्रेत्यांचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का केलाच की.

सी-२०१ (दादा): माझ्या युनिटचं सांगतो. ४४एडी, म्हणजे छोट्या धंद्याने ठरावीक टक्के नफा धरून कर भरायचा, ही खरंच चांगली सोय आहे (नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, मी ओळखीचा जुनाच सांगतोय). उलाढाल २ कोटींपर्यंत, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. नफा ८ टक्के धरायचा, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. वह्या ठेवायची सक्ती नाही. पण एखाद्या वर्षी नफा त्याहून कमी दाखवून बाहेर पडलं, की पुढची पाच वर्षं परत दार बंद. त्यामुळे तोटा झाला तरी नसलेला नफा दाखवावा लागतो. मंदीच्या वर्षी हे फार जिव्हारी लागतं.

सी-२०१ (दादा): एक नियम मात्र उपयोगी पडला. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत (लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५) दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. तेव्हापासून मार्चमध्ये माझे फोन उचलले जातात.

डी-३०२: ताई, स्टँडर्ड डिडक्शनचं पण सांगा ना.

बी-१०३ (ताई): २०२५-२६ ची नवी प्रणाली घ्या. दोघांचीही कमाई पावणेतेरा लाख. पगारदाराचे ७५,००० वजा होतात, कर शून्य. बिलावर काम करणाऱ्याचे ते वजा होत नाहीत. टप्प्यांप्रमाणे ७१,२५०, सेस धरून ७४,१०० रुपये.

ए-४०२ (काका): थांबा, तो खर्च वजा करू शकतो. डॉक्टर, सीए, आर्किटेक्ट तर व्यावसायिकांसाठीच्या ४४एडीए कलमाखाली निम्मीच जमा उत्पन्न म्हणून दाखवू शकतात. पगारदाराला ही मुभा कुठे आहे?

बी-१०३ (ताई): बरोबर आहे तुमचं. म्हणूनच सरसकट सगळ्या व्यावसायिकांना सूट मागणं मला पटत नाही. ज्याला एकाच ठिकाणाहून पैसे येतात, ज्याचं ना ऑफिस ना उपकरणं, त्याने वजा काय करायचं? तो नोकरदारच आहे, नाव तेवढं वेगळं. अशांना तरी ७५,००० मिळावेत.

एफ-५०१: आणखी एक. जुन्या प्रणालीतली ८०सीची (पीएफ, विमा अशा बचतीवरच्या वजावटीची) दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून तशीच आहे. अमेरिका, कॅनडात कराचे टप्पे दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप सरकतात. आपण दर बजेटला आशेवर बसायचं.

ए-४०२ (काका): बजेटआधी अर्थ मंत्रालय लोकांकडून सूचना मागवतं. पत्राचा मसुदा मी करतो, नोकरीत तेच केलंय आयुष्यभर. पण कंत्राटी कामगाराला १५एचसारखा फॉर्म हवा, हा मुद्दा पहिला घेऊ. त्यात सरकारचा एक रुपयाही बुडत नाही.

बी-१०३ (ताई): चालेल काका. दादा, पाच वर्षांच्या अटीचं तुम्ही लिहून द्या, तोट्याच्या वर्षाच्या आकड्यांसकट. एक प्रत आपल्या खासदारांनाही देऊ.

डी-३०२: माझ्या टीडीएसच्या नोंदी देतो, नाव झाकून जोडा.