सोसायटी ग्रुप: आठ पाहुणे, दोन दिवस, कुठं खायला न्यायचं?

बी-२०३: नमस्कार मंडळी. शुक्रवारी रात्री नणंदेकडचे ८ जण नाशिकहून गाडीनं कोल्हापूरला येतायत, रविवारी दुपारी परत. दोघं सत्तरीच्या पुढचे, त्यात एकांना ॲसिडिटी. एक ६ वर्षांची मुलगी. एक जण कांदा-लसूण खात नाहीत. उरलेले चौघं मटणासाठीच येतायत असं समजा. एसीची मोठी हॉटेलं नकोत, इथलं जे आहे तेच दाखवायचंय. सुचवा.

सी-१०१: वहिनी, लगेच नावांची यादी करू नका, पन्नास नावं जमतील आणि डोकं उठेल. आधी घड्याळ बघा. मिसळ सकाळची. मटणाचं ताट दुपारी साडेबारा ते दीड, नाहीतर रात्री आठला. भेळ आणि दूध संध्याकाळचं. वेळ चुकली की नावाजलेल्या ठिकाणीसुद्धा उरलंसुरलं ताटात येतं.

ए-४०१: काका, मिसळीचं ते अगदी खरं. पहिल्या पातेल्याचा कट, म्हणजे मिसळीचा रस्सा, पातळ असतो, वर तर्री म्हणजे तिखट तेलाचा तवंग असतो. तासन्‌तास मंद आचेवर राहिला की आटतो, खारट होतो. मग त्यात पाणी पडतं, मीठ बरोबर होतं पण चव जाते. म्हणून साडेनऊच्या आत टेबलावर बसलेलं बरं. फडतरे (शिवाजी उद्यमनगर), बावडा मिसळ, खासबाग मिसळ, यातलं कुठलंही धरा. दुपारनंतर मिळेलच असं धरून चालू नका.

बी-२०३: तिन्हींपैकी कुठलं जवळ पडेल?

ए-४०१: त्या दिवशी पुढं कुठं जाताय त्यावर ठरवा. न्यू पॅलेस बघायचा असेल तर बावडा, दोन्ही एकाच रस्त्याला. अंबाबाई, भवानी मंडप करायचं असेल तर खासबाग, तिथून चालत जाता येतं. मिसळीसाठी म्हणून शहर ओलांडायची गरज नाही ओ.

डी-३०२: रविवार असेल तर एक लक्षात ठेवा, ८ जणांना एक टेबल मागितलं की ताटकळत बसाल. ४-४ चे दोन गट करा, पटकन जागा होते. आणि नाशिककरांना आधीच सांगून ठेवा की इथं मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. नाहीतर पाव मागत बसतील.

सी-१०१: कट कसा घ्यायचा तेही सांगा की. बाहेरचा माणूस वाटीभर कट एकदम ओततो, फरसाण दोन मिनिटांत लगदा होतं आणि तिखट लागलं म्हणून पाण्याचे तांबे रिचवतो. "कट वेगळा द्या" म्हणायचं. आधी दोन पळ्या घालायच्या, खायचं, मग पुढच्या दोन. तिखट नको असेल तर "तर्री नको, खालचा कट द्या" सांगायचं. मिरचीचा जाळ तेलात उतरतो, तो वर तरंगतो. म्हणूनच पाण्यानं तोंड थंड होत नाही, दही किंवा दूधच लागतं. कट परत बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो, जादा ब्रेडचे पैसे पडतात.

ए-४०१: ॲसिडिटीवाल्यांना मिसळ नकोच, दही घालूनसुद्धा नको. पोहे द्या. आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांना "मिसळ तर शाकाहारी आहे" म्हणून बसवू नका. कटाचं वाटणच कांदा, लसूण, खोबरं, तिळाचं असतं, वेगळं काढता येत नाही.

बी-२०३: मग त्यांनी खायचं काय?

ए-४०१: दावणगिरी लोणी डोसा. गावात गाड्यांवर भरपूर मिळतो. भाजीत कांदा असतो, म्हणून "भाजी नको, नुसता लोणी डोसा आणि खोबऱ्याची चटणी" असं सांगा. चटणीच्या फोडणीत लसूण आहे का तेवढं विचारा. इथं जैन मंडळी भरपूर आहेत, त्यामुळं "जैन करून द्या" म्हटलं की कुणाला नवल वाटत नाही. लोणी गोळ्यानं पडतं आणि डोसा गार झाला की चिवट होतो, म्हणून आठ डोसे एकदम सांगू नका. दोन-दोन सांगा.

डी-३०२: शुक्रवारी रात्रीसाठीही डोसाच बरा. नाशिकहून आठ-नऊ तास गाडीत बसून साडेदहाला मटणाचं ताट म्हणजे पुढचा दिवस वाया. शिवाय त्या वेळी खानावळीत तळाचा रस्सा उरलेला असतो.

सी-१०१: आता मुख्य विषयाकडं या. मटण. 😄

ई-१०२: शनिवार दुपार पक्की करा. पद्मा गेस्ट हाऊस, लक्ष्मीपुरी हे जुनं आणि सगळ्यांना माहीत. ओपल, परख, देहाती हीपण नावं लोक घेतात. पण ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, रस्सा मटणाचाच आहे ना? चिकनच्या पाण्यावरचा पांढरा रस्सा चवीला हलका लागतो. दोन, अमर्याद काय काय? सहसा तांबडा-पांढरा आणि दहीकांदा परत परत येतो, पण सुकं मटण एकदाच. तीन, एका ताटात दोघांना बसू देतात का? बरीच ठिकाणं देत नाहीत, आणि लहान मुलीसाठी पूर्ण ताट घेणं म्हणजे अन्न वाया.

बी-२०३: मुलीला तिखट अजिबात चालत नाही.

ई-१०२: "अळणी" मागा. मटण शिजवलेलं पाणी: हळद, मीठ, आलं-लसूण, बाकी काही नाही. मिरची पडायच्या आधीचं असतं ते. भातावर घालून पोरं आवडीनं खातात. ज्येष्ठांनाही हेच. मात्र ऑर्डर देतानाच सांगा, एकदा सगळ्याचा रस्सा झाला की अळणी उरत नाही.

ए-४०१: आणि पांढरा रस्सा "पांढरा आहे म्हणजे शाकाहारी" असं पाहुण्यांना वाटतं बऱ्याचदा. तो त्याच अळणीवर होतो. व्हेज पांढरा काही ठिकाणी मिळतो, पण तो वेगळा सांगावा लागतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मटणाच्या खानावळीत नेऊन ताटकळत बसवू नका. त्या दिवशी त्यांची वेगळी सोय करा, सोबत एक जण द्या.

डी-३०२: अनोळखी खानावळ चांगली की नाही ते पांढऱ्यावरून कळतं. चांगला पांढरा दुधासारखा पांढराशुभ्र नसतो, किंचित पिवळट-राखाडी असतो, कारण अळणीत हळद, आणि त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूचं वाटण. वाटी ५ मिनिटं तशीच ठेवा. वर जाड साय धरली आणि चमच्याला लापशीसारखा लागला तर पिठानं दाट केलाय. उलट पाणी वेगळं आणि गुठळ्या वेगळ्या दिसल्या तर नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळलंय. दूध शेवटी घालून मंद आचेवर ठेवायचं असतं, उकळी फुटली की फाटतं.

सी-१०१: तांबड्याचा रंग ब्याडगी मिरचीचा. तिखटपणा संकेश्वरी मिरचीचा. ह्या दोन्ही मिळून आपली चटणी होते. आणि पाहुणे "व्हेज कोल्हापुरी" मागतील तर हसू नका, पण त्यावरून खानावळीची परीक्षाही करू नका. ते बाहेरच्या मेन्यूकार्डावरचं नाव, इथल्या स्वयंपाकघरातलं नाही.

ई-१०२: भाकरी एकेक मागा. तव्यावरून उतरलेली पाच मिनिटांत कडक व्हायला लागते. चारचार एकदम आल्या की शेवटची चघळत बसावी लागते. सोबत सोलकढी घेण्यापेक्षा ताक घ्या. पांढऱ्यात नारळाचं दूध, सोलकढीतही नारळाचं दूध, पोट जड होतं. रक्ती (बकऱ्याचं शिजवलेलं रक्त), मुंडी (डोकं), वजडी (आतडी-पोट) ज्यांना हवी त्यांनी आधीच विचारा, रोज सगळीकडं नसते. आणि रक्ती म्हणजे काय ते पाहुण्यांना सांगून मगच मागवा.

बी-२०३: 🙏 एवढं कुठं लिहून ठेवू! संध्याकाळी गंगावेशचं दूध दाखवायचं का? मिस्टर म्हणतायत जायलाच हवं.

सी-१०१: जायलाच हवं. म्हैस समोर पिळतात, फेसाचा ग्लास हातात. गंगावेश तालमीच्या पैलवानांचा तो खुराक.

एफ-२०१: काका, दाखवा जरूर, पण लहान मुलीला आणि ज्येष्ठांना ते कच्चं दूध पाजू नका. कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होतो, आणि वय लहान किंवा जास्त असेल तर तो जास्त त्रास देतो. पैलवान रोज पितात म्हणून पाहुण्यांना पचेल असं नाही. दुपारी मटण झालेलं, वर म्हशीचं साय असलेलं दूध, रात्रभर जागतील. बघायला न्या, पिणाऱ्यांनी अर्धा ग्लास दोघांत घ्या, बाकीच्यांना उकळलेलं मसाला दूध.

सी-१०१: अर्धा ग्लास! 😔 बरं, मान्य. मुलीला उकळलेलंच द्या.

डी-३०२: त्यापेक्षा खासबागची भेळ घ्या संध्याकाळी. राजाभाऊंची भेळ माहीत असेलच सगळ्यांना. तिथंच उभं राहून खायची. चटणी पडल्यापासून तीन-चार मिनिटांत चुरमुरे मऊ पडतात, म्हणून गाडीत बसून खाऊ म्हणत पुडी घेऊ नका. घेतलीच तर सुकी वेगळी, चटणी वेगळी बांधून मागा. कांदा नको म्हटलं की नाशिकच्या त्या पाहुण्यांनाही चालेल, फक्त चटणीत लसूण आहे का ते विचारा.

ए-४०१: आणि कॉकटेल आइस्क्रीम. सोळंकी, इंपिरिअल. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह आधीच मिटवा: त्यात दारूचा थेंब नाही. आइस्क्रीमचे गोळे, फळांच्या फोडी, जेली, सुकामेवा. एक दोघांना पुरतं. जेली कशाची आहे ते शाकाहाऱ्यांनी विचारावं, नको असेल तर "जेली सोडून" म्हणावं. मोठ्या जेवणानंतर लगेच नको, दीड-दोन तासांनी रंकाळा तलावावर एक चक्कर मारून मग.

बी-२०३: तर मग शनिवारी सकाळी अंबाबाई, खासबाग मिसळ, दुपारी पद्मा, संध्याकाळी गंगावेश, खासबागला भेळ, रात्री परत मटण. रविवारी बावडा मिसळ, न्यू पॅलेस, पन्हाळा, मग निघणं. बरोबर?

ई-१०२: रात्रीचं मटण काढा. आणि मिसळ दोन्ही दिवस नको, चौघांना चालेल पण बाकीच्यांचं पोट बिघडेल. पन्हाळा एका बाजूला २० किलोमीटर आहे, न्यू पॅलेस आणि पन्हाळा दोन्ही धरले तर निघायला संध्याकाळ होईल. एकच ठेवा.

डी-३०२: पन्हाळाच ठेवा. वर झुणका-भाकरी, खर्डा, गाडग्यातलं दही. खर्डा वाटीत वेगळा मागा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे कुटलेलं असतं, भाकरीवर एकदम पसरला की झणका नाकात जातो. रविवारी ११ नंतर गर्दी वाढते, ९ ला वर पोहोचा. खाऊन दुपारी १ च्या आत खाली.

बी-२०३: मग मिसळ शनिवारीच. रात्री?

ए-४०१: शनिवारी रात्री घरी वरण-भात, तूप, लोणचं. ॲसिडिटीवाले दुवा देतील.

ई-१०२: गाडी अंबाबाईच्या आसपास घालू नका, बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि चालत जा. शनिवारी दर्शनाची रांग लांबते, म्हणून आधी दर्शन, मग मिसळ. उलटं केलं की कट पोटात घेऊन तासभर रांगेत.

बी-२०३: नाशिकला पार्सल नेतील का पांढरा रस्सा? विचारत होते.

डी-३०२: नका देऊ. आठ-नऊ तासांचा प्रवास, नारळाचं दूध त्यात. आंबतं. तांबडासुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत तेल सोडतो, डिकी लाल होते. घरी खायला म्हणून पांढरा आणायचा असेल तर स्टीलच्या डब्यात आणा, त्याच दिवशी संपवा. गरम करताना गॅस बारीक, सतत ढवळत राहायचं, वाफ आली की बंद.

सी-१०१: त्यापेक्षा अर्धा किलो कांदा-लसूण चटणी द्या बरोबर. तेल सोडते, म्हणून पुडक्याला आतून प्लास्टिक आणि बाहेरून कागद. नाशिकला गेल्यावर लगेच काचेच्या बरणीत काढायची, ओला चमचा लावायचा नाही. आणि एक ढेप गूळ. पिवळाधमक घेऊ नका, तपकिरी बघून घ्या.

बी-२०३: फिक्स. कुणाकडं मोठा स्टीलचा डबा असेल तर सांगा, शनिवारी दुपारी पांढरा घरी आणायचाय. रात्री वरण-भाताबरोबर ज्यांना हवा त्यांना.

एफ-२०१: माझ्याकडं ५ लिटरची किटली आहे, झाकणाला रबर आहे. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा. सोमवारी परत, धुऊन. रबराला हळदीचा डाग पडला की निघत नाही.

सी-१०१: वहिनी, पद्माला शनिवारी सकाळी फोन करून ८ जण येतोय म्हणून सांगा. आणि अळणीचं त्यातच सांगून टाका.