थ्रीडी आधी की खडूची रेघ?

इंटिरियर डिझायनर, दादर

चौदा वर्षं मुंबईतली घरं करतेय. यापुढे पहिल्या बैठकीत थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं खोलीचं चित्र, दाखवायचं नाही, असं ठरवलंय. आधी रिकाम्या घरात खडूने खऱ्या मापाचं फर्निचर आखायचं, घरातल्या सगळ्यांना त्यात वावरू द्यायचं, मग मापांचे कागद. चित्र सगळ्यात शेवटी.

कांजूरमार्गचं एक काम सांगते. बेडरूम १० बाय ९ फूट. ९ फुटी भिंतीला २ फूट खोल कपाट, उरलेल्या ८ फुटांत ५ फुटी पलंग मधोमध, म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड फूट. थ्रीडीत खोली ऐसपैस दिसली, कारण अशा चित्रात कॅमेरा बऱ्याचदा भिंतीबाहेर ठेवतात, मधली भिंत काढून टाकतात आणि लेन्स वाइड लावतात. होकार आला, सह्या झाल्या. कपाटाचं दीड फुटी दार उघडलं ते थेट पलंगाला टेकलं. समोर उभं राहायलाच जागा नाही! प्लॅनवर मापं होती, पण मी ती बोलून दाखवली नाहीत. ही चूक माझी, म्हणून सरकती दारं माझ्या खर्चाने बसवली. जमिनीवर आखलं असतं तर घरातल्या काकूंनी पाच मिनिटांत पकडलं असतं.

घरमालक, बोरिवली

अजिबात पटलं नाही. मला प्लॅन वाचता येत नाही, थ्रीडी कळतं. आणि खडू मारायचा कुठे? आमचा ताबा मिळायच्या चार महिने आधी डिझाइन सुरू झालं, बिल्डर आत पाऊल टाकू देत नव्हता. शिवाय चित्र हाच माझा पुरावा. मागच्या घरात दाखवलं एक आणि बसवलं भलतंच. चित्र हातात होतं म्हणून निदान भांडता तरी आलं.

इंटिरियर डिझायनर, दादर

ताबा नसेल तेव्हा तर जास्तच जपायला हवं. २०१६ च्या रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्यातल्या कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जागाही धरलेली असते. त्या आकड्यावर किंवा ब्रोशरच्या मापावर कपाट ठरवू नका. ताबा मिळाल्यावर टेपने मोजल्याशिवाय सुताराला माप देऊच नये.

पुराव्याचं म्हणाल तर चित्रात आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणि आयएस ३०३ चा सर्वसाधारण वापराचा प्लाय सारखेच दिसतात. पुरावा म्हणजे सहीची यादी: प्लायची ग्रेड आणि जाडी, लॅमिनेटची कंपनी आणि नंबर, बिजागरी कुठली. ती मागा.

सुतारकामाचा ठेकेदार, परळ

ताईंचं बरोबर, पण अर्धंच. खडूने लांबी-रुंदी कळते, उंची कळत नाही. ओट्याची उंची मी भिंतीवर रेघ मारून विचारतो. पोळ्या लाटणाऱ्या माणसालाच तिथे उभं करतो, कोपराची उंची बघतो. एका घरी मुलगा म्हणाला ३४ इंच. आई आल्या आणि ३१ वर बोट ठेवलं. ग्रॅनाइट बसल्यावर हे कळलं असतं तर?

आणि बदल व्हॉट्सॲपवर रात्री अकराला नकोत. नवरा अंगठा पाठवतो, सकाळी बायको म्हणते मला विचारलंच नाही. घरातून एकानेच कळवायचं, आणि वाढीव कामाचा खर्च लिहून मंजूर झाल्याशिवाय करवत लावायची नाही.

घरमालक, बोरिवली

यादीचं आणि उंचीचं मान्य. पण थ्रीडी शेवटी ठेवायला माझा विरोध कायम आहे. आमची जुनी इमारत असती, सामान भरलेलं असतं, तर रेघ कुठे मारली असती? आणि आईला रंग, उजेड, देवघर कसं दिसेल हे आधी बघायचं होतं. घर म्हणजे नुसती मापं नव्हेत. वर्षानुवर्षं हप्ते भरणार आहोत, तर ते डोळ्यांनी बघायचा हक्क आम्हाला पहिल्या दिवसापासून हवा.

इंटिरियर डिझायनर, दादर

सामान असेल तर वर्तमानपत्रं जोडून पलंगाच्या मापाचा कागद करा आणि अंथरा, तेवढी जागा निघते. देवघराचं मात्र मनाला लागलं. त्याचा विचार मी केला नव्हता. आधी चित्र हवंच असेल तर देईन, पण दोन अटींवर: कॅमेरा खोलीच्या आत, जमिनीपासून पाच फुटांवर, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, आणि प्रत्येक मोकळ्या जागेचं माप चित्रावरच लिहिलेलं.

घरमालक, बोरिवली

असं चित्र मिळालं तर त्याचे वेगळे पैसे द्यायला तयार आहे. पण कपाटाची दारं उघडी दाखवा.