मदत हवी आहे: इम्पेलरच्या फाकेच्या दोन बाजू ओपनफोममध्ये जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात चिंचोली एमआयडीसीतल्या एका छोट्या पंप वर्कशॉपमध्ये आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे शेतकरी पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारी पात्यांची चाकं) घेऊन येतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सक्शन लिफ्ट (पाणी वर ओढायची उंची) वाढते, आत दाब घटतो आणि पात्यांना खड्डे पडतात. ते नेमके कुठून सुरू होतात हे मला ओपनफोममध्ये, म्हणजे प्रवाहाची गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बघायचंय.

पाती सात. अख्खा इम्पेलर लॅपटॉपला झेपत नाही, म्हणून एका पात्याभोवतीची फाक घेतली. एका बाजूने बाहेर पडलेलं पाणी दुसऱ्या बाजूने फिरून आत यायला हवं.

फाकेचा मेश (बारीक तुकड्यांची जाळी) जीमेश या सॉफ्टवेअरने करतो. त्यात एक बाजू फिरवली की दुसरी मिळते असं सांगणारी पिरिऑडिक सरफेसची ओळ दिली, झेड अक्ष, कोन २ पाय भागिले ७. समोरचे बिंदूच सापडत नाहीत म्हणतं. वैतागून ती ओळ काढली, मेश एमएसएच २ या फाइल प्रकारात सेव्ह करून जीमेश-टू-फोमने ओपनफोमसाठी बदलून घेतला. दोन्ही बाजू साध्या पॅच (मेशच्या सीमेचे भाग) म्हणून आल्या, ते ठीक. पण ओपनफोमच्या क्रिएटपॅचने त्या सायक्लिक (एकमेकींना जोडलेल्या) करायला गेलो की फेसचं (बाजूवरच्या एका छोट्या तुकड्याचं) क्षेत्रफळ शेजाऱ्याशी जुळत नाही अशी एरर.

सायक्लिक एएमआय (न जुळणाऱ्या बाजू इंटरपोलेट करून, म्हणजे मधल्या किमती काढून, जोडणारा प्रकार) लावलं तर चालतं. पण माझे खड्डे फाकेच्या कडेलाच येतात, तिथे इंटरपोलेट केलेला दाब नकोय. मॅच टॉलरन्स (जुळवताना चालणारा फरक) वाढवणंही पटत नाही.

प्रतिसाद: कॅडमध्ये फाक किती अंशांची कापलीत?

मी: ५१.४३.

प्रतिसाद: मग तिथेच घोळ आहे. अशा सात फाकांचे ३६०.०१ अंश होतात! १०० मिमी त्रिज्येवर फरक जेमतेम अडीच मायक्रॉनचा, पण जीमेशला तेवढाही चालत नाही. कोनाच्या रकान्यात ३६०/७ असंच लिहा. त्याहून बरं म्हणजे एकच बाजू काढा आणि दुसरी तिचीच प्रत फिरवून बनवा. मग पिरिऑडिकची ओळ परत घाला. जीमेश पहिल्या बाजूचा मेश जसाच्या तसा दुसरीवर उतरवतो. आणि कोनाचं चिन्ह तपासा, उलट्या दिशेने फिरवलं तरी हीच तक्रार येते.

मी: दादा, जुळलं! टॉलरन्सला हात न लावता क्रिएटपॅच पार पडलं, चेकमेशची तपासणीही स्वच्छ. शून्य फोल्डरमधल्या (सुरुवातीच्या किमतींच्या) दाब आणि वेगाच्या फायलींत त्या दोन बाजू सायक्लिक करायच्या राहिल्या होत्या, त्याही केल्या. रात्री रन लावतोय.